यूपीएसचा हप्ता राहू द्या, आधी अर्थिंग बघा

पत्र थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातल्या एका गावातला २९ वर्षांचा तरुण. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात नोकरी, संध्याकाळी घराच्या माडीवर छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. डेस्कटॉप, माईकचा आवाज संगणकात घेणारा ऑडिओ इंटरफेस, दोन मॉनिटर स्पीकर, एक कंडेन्सर माईक. भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, गणपतीची गाणी, वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात निघणाऱ्या चित्ररथांचे संवाद, असं मराठी आणि कन्नड दोन्हीकडचं काम. गेल्या मे महिन्यात वळवाचा वारा सुटला असताना रात्री दिवे एकदम लख्ख झाले, पंखा गरागरा फिरायला लागला आणि मिनिटाभरात जळका वास आला. संगणकाचा पॉवर सप्लाय, इंटरफेसचा अ‍ॅडॉप्टर, एक स्पीकर आणि राऊटर गेले. शेजारच्या तीन घरांतले टीव्हीही गेले. सगळं सामान स्पाईक गार्डवर होतं आणि घरात इन्व्हर्टरही आहे, तरी हे झालं. नंतर दुरुस्त करून आणलेल्या स्पीकरमधून घरघर यायला लागली, म्हणून त्यांनी बोर्डाच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकली. आता दुकानदार म्हणतो, एक केव्हीएचा ऑनलाईन यूपीएस घ्या, ३८ हजार, हप्त्याने. दादा म्हणतो, टिळकवाडीत खोली भाड्याने घे, शहरात करंट चांगला असतो. आप्पा म्हणतात, विकून टाक सगळं. पत्रलेखकाचा प्रश्न एका ओळीचा आहे: हप्ता घेऊ का?

नमस्कार.

हप्ता घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको. पण एवढ्यावर पत्र संपवलं तर तुम्ही दुकानदाराकडे जाऊन त्याहून स्वस्त यूपीएस घेऊन याल आणि पुढच्या वळवात तोही जाईल. तेव्हा त्या रात्री नक्की काय झालं इथून सुरुवात करू.

तुम्ही 'वीज पडली' असं लिहिलं आहे. गावातही तसंच बोलत असतील. पण तुम्हीच दिलेली साक्ष वेगळं सांगते. आकाशातल्या विजेमुळे तारेत येणारा झटका सेकंदाच्या लाखाव्या भागात येतो आणि जातो. तेवढ्यात बल्ब लख्ख झालेला डोळ्याला दिसत नाही, पंखा तर वेग घेऊच शकत नाही. तुमचे दिवे मिनिटभर लख्ख होते, पंखा जोरात फिरत होता आणि एकाच ओळीतल्या चार घरांत नुकसान झालं. ही न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटल्याची खूण आहे. वाऱ्याने फांदी तारेवर आपटते, किंवा खांबावरचा न्यूट्रलचा जुना सैल जोड त्याच हिसक्याने सुटतो. टीसीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, करंट आणणाऱ्या तीन तारा येतात, त्या फेज; कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. प्रत्येक घराला त्यातली एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळते, म्हणून आपल्याला २३० दिसतात. न्यूट्रल गेली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी ओळीने जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्ट जास्त. रात्रीची वेळ, घरात दोन दिवे, एक पंखा आणि माडीवर चालू ठेवलेला संगणक. तुमच्या वाट्याला तीनशेच्या आसपास आले असणार. पलीकडच्या कुणाच्या घरात त्याच वेळी दिवे मिणमिणले असतील, विचारून बघा.

हे एवढं लांबवलं, कारण औषध यावरच ठरतं.

स्पाईक गार्डने का वाचवलं नाही? तो जळालेला बोर्ड अजून घरात असेल तर प्लग काढून, स्क्रू सोडून आत बघा. नाण्याएवढी निळी किंवा पिवळी चकती दिसेल, एका कडेला काळी पडलेली, कदाचित फुटलेली. ती एमओव्ही. क्षणभराचा झटका आला की ती वाट मोकळी करून तो पिऊन टाकते. पण सतत मिनिटभर ३०० व्होल्ट आले तर ती तापते आणि जळते. मग सगळं तुमच्या सामानावर. तिचं आयुष्यही प्रत्येक झटक्याने थोडं थोडं कमी होतं, वरून काही कळत नाही. आणि चकती दिसलीच नाही तर आश्चर्य वाटू देऊ नका. आपल्याकडे स्पाईक गार्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बोर्डांत लाल दिवा आणि फ्यूज यापलीकडे काही नसतं.

इन्व्हर्टरने का वाचवलं नाही? करंट चालू असताना घरातला साधा इन्व्हर्टर बाहेरची लाईन जशीच्या तशी पुढे सोडतो आणि बाजूला बॅटरी भरत बसतो. व्होल्टेज त्याच्या हद्दीबाहेर गेलं की तो बॅटरीवर जातो, पण बहुतेक घरांत त्याचा स्विच 'वाईड' किंवा 'इको'वर असतो, कारण तसा ठेवला की तो उगाच टकटक करत नाही. त्या अवस्थेत तो साधारण २९० व्होल्टपर्यंत सगळं मुकाट्याने आत घेतो. इन्व्हर्टर अंधारासाठी असतो. त्याने सामानाची राखण करावी ही अपेक्षा आपण ठेवतो, कंपनीने तसं कधी म्हटलेलं नसतं.

आणि ऑनलाईन यूपीएस? चांगली वस्तू आहे. आत येणारी वीज डीसी करून पुन्हा नव्याने एसी बनवतो, त्यामुळे मागचं सामान बाहेरच्या लाईनपासून सुटतं. पण न्यूट्रल तुटली आणि ३५० व्होल्ट आले तर तो आधी स्वतः जायची शक्यता आहे. सामान वाचेल, हप्ते राहतील. शिवाय त्याचा पंखा सतत चालतो. माडीवरच्या एवढ्याशा खोलीत कंडेन्सर माईकसमोर बुवा डोळे मिटून अभंगाचा आलाप घेताहेत आणि मागे घुंऽऽ असा पंखा, हे तुम्हाला चालणार आहे का?

आता पैसे कुठे घालायचे ते सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, मीटरनंतर मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीसारखाच पट्टीवर बसणारा, पुढे आकडा दाखवणारा छोटा डबा असतो. व्होल्टेज २६०-२७० च्या वर किंवा १७०-१८० च्या खाली गेलं की सेकंदाच्या आत घर तोडतो आणि लाईन सुधारली की थांबून, आपण ठरवलेल्या वेळाने पुन्हा जोडतो. ती वेळ दोन-तीन मिनिटांवर ठेवा. करंट परत आल्यावर पहिल्या मिनिटात गावभरच्या मोटारी आणि फ्रिज एकदम ओढायला लागतात, तेवढं निभून जातं. हा डबा दोन-अडीच हजारांच्या आत येतो आणि फ्रिज, टीव्ही, मिक्सर सगळं घर वाचवतो. माझ्या मते तुमच्या गावातल्या प्रत्येक घरात टीव्हीच्या आधी हा असायला हवा. घेताना अँपिअर बघून घ्या. तुमचा मेन ४० चा असेल तर २५ चा डबा आणू नका.

दुसरं, खऱ्या विजेसाठी एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाईस. घराच्या बोर्डासाठी 'टाईप २' म्हणून मागा. तुमच्या घरावर वीजरोधक सळई असेल, किंवा लाईन रानातून, उघड्या माळावरून लांबवर येत असेल, तर 'टाईप १ अधिक २' असा एकत्र मिळतो तो घ्यावा. त्याच्या तोंडावर छोटी खिडकी असते. हिरवी असेल तोवर तो जिवंत, लाल झाली की बदलायचा. वायरमनला एक गोष्ट बजावून सांगा: त्याच्या वायरी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या. बोर्डात सुबक दिसाव्यात म्हणून वायरी फिरवून बांधणारे कसबी वायरमन आपल्याकडे खूप आहेत. इथे सुबकपणा नको. विजेचा झटका इतका वेगवान असतो की वायरीचं एकेक वेटोळंही त्याला अडवतं आणि तो झटका मग एसपीडीऐवजी तुमच्या सामानाकडे वळतो.

एसपीडी झटका जमिनीत सोडतो. जमिनीत सोडायला वाट हवी. म्हणजे अर्थिंग.

इथे मात्र मला तुमच्याशी जरा कडक बोलायचं आहे. तुम्ही पिन काढून टाकलीत ती आजच, हे वाचून झाल्यावर, परत लावा. नवा प्लगच बसवा. संगणक, अ‍ॅडॉप्टर यांच्या आतून थोडी वीज मुद्दाम अर्थकडे सोडलेली असते. अर्थ नसेल तर ती पत्र्याच्या डब्यावर, इंटरफेसच्या बॉडीवर, तिथून केबलच्या जाळीतून माईकवर येऊन बसते. तुमच्या मंडळातले कोणी तुम्हाला म्हणाले आहेत का, 'माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात'? शहाबादी फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला त्या जास्त येतात. आज झिणझिण्या आहेत, उद्या पॉवर सप्लायमध्ये एक वायर सुटली तर पूर्ण २३० व्होल्ट माईकवर. पाहुण्या गायकाचा जीव आपल्या माडीवर आपल्या जबाबदारीवर असतो.

घरघरीचा इलाज वेगळा आहे, आणि तो बहुतेक फुकट होतो. आधी कान लावून ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर लागते. पेटीवर बघाल तर पांढरी पाचच्या किंचित वर. पेटीच्या खालच्या पांढरी पाचशी जुळणारा, सपाट, मऊ 'हूं' असेल तर दोन ठिकाणांहून अर्थ मिळून झालेला लूप असण्याची शक्यता मोठी. त्यावर कर्कश 'झर्र' असेल तर हलका एलईडी दिवा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा चार्जर गुन्हेगार असतो. एकेक बंद करत जा, सापडतो. लूपसाठी एवढं करा: संगणक, इंटरफेस, दोन्ही स्पीकर, सगळं एकाच बोर्डावरून, एकाच भिंतीच्या पॉईंटवरून चालवा. सध्या तुमचे स्पीकर खिडकीजवळच्या दुसऱ्या पॉईंटवर आहेत असं तुम्ही लिहिलंच आहे. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल वापरा, तीन तारांची. साधी दोन तारांची वायर तिथे असेल तर अर्धी घरघर तिथेच आहे. एवढं करूनही राहिली तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका. लॅपटॉपवाल्यांसाठी सोपी चाचणी म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघायचं. आवाज गेला तर चार्जरकडून येत होता.

मूळ प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: तुमच्या घराला अर्थिंग खरंच आहे का? पिन आहे म्हणजे अर्थ आहे असं नाही. खानापूर, जांबोटी, बेळगावचा पश्चिमेकडचा भाग सगळा जांभा दगडाचा. पावसाळ्यात तिथली जमीन गच्च ओली असते, अर्थिंग उत्तम लागतं. एप्रिल-मे मध्ये तीच जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थचा रोध वाढतो, आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, तिकडे एवढा त्रास नाही. पण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवती पोकळी पडते, तेव्हा तिकडच्यांनीही निर्धास्त राहू नये. आपल्याकडे मीठ-कोळसा घालून खड्डा करायची जुनी पद्धत आहे, ती चालते, फक्त होळीपासून दर दोन-तीन दिवसांनी त्यात घागरभर पाणी ओतायचं काम घरातल्या कुणाकडे तरी नेमून द्यावं लागतं. मीठ लोखंड खातं, म्हणून पाच-सहा वर्षं झालेला खड्डा उकरून पट्टी शिल्लक आहे का बघावं. नवीनच करायचा असेल तर तांब्याचा मुलामा दिलेली सळई आणि ओल धरून ठेवणारी तयार पूड टाकून केलेलं अर्थिंग घ्या.

तपासणी वायरमनकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. मल्टिमीटरने पॉईंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे घ्यायचे. पहिले दोन २३० च्या आसपास आणि जवळजवळ सारखे हवेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तिसरा वीस-तीस दाखवत असेल तर अर्थ नावापुरता आहे. तिसरा अगदी शून्य, सगळ्या पॉईंटवर, लोड चालू असतानाही शून्य येत असेल तर मात्र जास्त सावध व्हा. काही वायरमन कष्ट वाचवायला भिंतीतल्या सॉकेटच्या आतच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडून देतात. टेस्टर दाखवायला सगळं छान दिसतं. पण ज्या रात्री न्यूट्रल तुटते त्या रात्री फ्रिजचं दार, गिझरची टाकी, तुमच्या संगणकाचा डबा, सगळ्यांत करंट उतरतो. तुमच्या घरी मे महिन्यात कुणाला धक्का बसला नाही, यावरून असं नसावं. तरी वायरमनकडून सॉकेट उघडून बघा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. तो सामान वाचवत नाही, माणसं वाचवतो.

मल्टिमीटरने अर्थ आहे-नाही एवढंच कळतं. तो किती चांगला आहे ते अर्थ टेस्टरने ओहममध्ये मोजावं लागतं. पाचच्या खाली आला तर उत्तम. उद्यमबागेत तुमच्याच कारखान्याच्या मेन्टेनन्सवाल्यांकडे हे यंत्र असण्याची दाट शक्यता आहे. एखाद्या रविवारी त्यांना घरी जेवायला बोलवा.

एवढं झालं की मग यूपीएस. छोटा. गणित असं: गाण्याचं काम करणारा संगणक १५०-२०० वॅट, पडदा २५, इंटरफेस दहा-पंधरा. म्हणजे अडीचशेच्या आत. ६०० व्हीएचा लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात टेक थांबवायचा, सेव्ह करायचं, बंद करायचं. स्पीकर त्यावर घालू नका. करंट गेल्या क्षणी स्पीकरची गरज नसते, हेडफोन पुरतो. एक अडचण आहे ती आधीच सांगतो: तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यामागे लावलेला छोटा यूपीएस ती वीज धड ओळखत नाही आणि करंट गेला समजून आपली बॅटरी रिकामी करत बसतो. इन्व्हर्टर साईन वेव्हचा असेल, तर आधी फक्त त्याचा स्विच यूपीएस मोडवर टाकून बघा आणि मेन पाडा. संगणक न अडखळता चालू राहिला तर वेगळ्या यूपीएसची गरजच नाही. हे एका संध्याकाळचं काम आहे, एक पैसा लागत नाही.

पुढेमागे संगणक बदलाल तेव्हा लॅपटॉप घ्या आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेस. फँटमसकट, म्हणजे कंडेन्सर माईकला लागणाऱ्या विजेसकट, सगळं लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतं, आणि आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून रेकॉर्डिंग चालू ठेवता येतं. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या शेतात वस्ती करून राहणाऱ्या वाचकांना तर मी हाच एक सल्ला देईन. 'निरंतर ज्योती' योजनेत गावठाणाची लाईन पंपांपासून वेगळी झाली, पण शेतातली कितीतरी घरं पंपांच्याच लाईनवर राहिली. थ्री फेजची पाळी सुरू झाली की ऑटो स्टार्टरवरच्या सगळ्या मोटारी एका दमात उठतात आणि व्होल्टेज बसतं. पाळी संपताना उलट उसळी. तिथे स्टॅबिलायझर घ्यावा असं वाटतं. पण रिलेचा स्टॅबिलायझर पायऱ्यापायऱ्यांनी टकटक करतो आणि प्रत्येक टक माईकमध्ये ऐकू येते. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जिंग पाळी नसताना, एवढ्याने भागतं.

स्पीकरची एक सवय अंगी लावून घ्या: चालू करताना सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. करंट गेला की पहिला हात स्पीकरच्या स्विचकडे. परत येताना इंटरफेस जागा होतो तेव्हा जो 'धप्प' येतो, त्याने कोन फाटतात.

आणि प्लग काढायची सवय. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही. स्विचच्या आत दोन-चार मिलिमीटरची फट असते. ढगातून जमिनीवर येणारी वीज तेवढ्यावर थांबत नाही. सगळा स्टुडिओ एका बोर्डावर आला की एकच प्लग काढायचा उरतो. तो टेबलामागे भिंतीत न ठेवता दाराजवळ, हात पोचेल असा घ्या, म्हणजे तुम्ही कारखान्यात असताना आईसुद्धा काढू शकेल. नेटवर्कची केबल आणि डिशची वायर संगणकाला लागत असेल तर तीही काढायची. वीज त्या वाटेनेही येते. फायबरची काच वीज नेत नाही, पण राऊटरचा अ‍ॅडॉप्टर नेतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनवर ठेवा. जवळपास वीज पडत असेल तर ते २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात दाखवतं. फोन हाताशी नसेल तर चमकल्यापासून गडगडेपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत ऐकू आलं की रेकॉर्डिंग थांबवा, मंडळ कितीही रंगात असो.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, सामानाच्या यादीखाली दडलेलं: चित्ररथाचे तीन तासांचे संवाद गेले आणि मुलांना पुन्हा बोलवावं लागलं. मला वाटतं तुमचं खरं नुकसान हेच. स्पीकर दुकानात मिळतो. आठवीतल्या मुलाने पहिल्यांदा दिलेली ललकारी दुसऱ्यांदा तशी येत नाही. सॉफ्टवेअरमधलं ऑटो-सेव्ह दर पाच मिनिटांवर लावा. दिवसाचं काम संपलं की बाहेरच्या डिस्कवर प्रत आणि डिस्क काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे, तीही त्याच झटक्यात जाते. मंडळाच्या कुणाच्या तरी फोनवर किंवा ड्राईव्हवर तिसरी प्रत. आणि जे तीन तास गेले म्हणता, ती फाईल पुसली नसेल तर बघा अजून. रेकॉर्डिंग चालू असताना संगणक बंद पडला की फाईलचा मथळा, म्हणजे हेडर, अर्धवट राहतो, ती शून्य मिनिटांची दिसते किंवा उघडतच नाही, पण आत आवाज असू शकतो. ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' म्हणून आयात करा, सॅम्पल रेट आणि बिट बरोबर भरा. पुष्कळदा निघतं.

आता दादांची खोली. टिळकवाडीत करंट कमी जात असेल, पण न्यूट्रल तिथेही तारेचीच असते. शहरातल्या जुन्या घरांत दोनच वायरींचं जुनं वायरिंग असतं, अर्थचा पत्ता नसतो. वडगाव-खासबागकडे गेलात तर शेजारी यंत्रमाग, त्यांचा खडखडाट माईकमध्ये आणि मोटारींचे हिसके लाईनमध्ये. भाड्याच्या खोलीत अर्थिंगचा खड्डा खणायला घरमालक देईल का, हेही आहे. काम वाढलं म्हणून शहरात जायचं असेल तर जरूर जा. पण तुमची भजनी मंडळं चालत तुमच्या माडीवर येतात, ती टिळकवाडीला येतील का हे त्यांना विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. नुसत्या करंटसाठी जायचं असेल तर सहा महिन्यांच्या भाड्यात वर सांगितलेलं सगळं होऊन पैसे उरतात.

आप्पांचं बोलणं तुम्ही 'त्यांना संगीताची कदर नाही' असं घेतलं आहे. मला तसं वाटत नाही. रात्री लाकडी माडीवरून जळका वास आला तेव्हा खाली कोण झोपलं होतं? त्यांना हप्त्याची भीती आहे की आगीची, हे एकदा सरळ विचारा. आगीची असेल तर ती रास्त आहे आणि तिच्यावर इलाज आहे: माडीला बोर्डापासून स्वतंत्र लाईन आणि स्वतंत्र एमसीबी, एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन बंद, आणि खाली उतरताना तो एमसीबी पाडायचा. तो कुठे आहे हे त्यांना दाखवा. रोज रात्री तेच पाडतील, बघा.

शेवटचं काम तुमच्या एकट्याचं नाही. खांबावरचा न्यूट्रलचा जोड अजून तसाच असेल तर तोच प्रसंग पुन्हा येईल. टीव्ही गेलेल्या तिन्ही घरांच्या सह्या घ्या आणि वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक वेळी व्होल्टेज वाढलं, अमुक वस्तू जळाल्या, खांबावरचे जोड आणि टीसीचं अर्थिंग तपासावं. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. भाषेचा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा, आपल्याला पुढच्या वळवाआधी जोड घट्ट करून हवा आहे. दिवे कधीही पुन्हा लख्ख किंवा मिणमिणे झाले तर आधी मेन पाडायचा आणि मग १९१२ ला फोन करून तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका; काम झालं नाही आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागतात.